रोहिणीचं पोलंड

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. भावाजवळ नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ का बोलते आहे — मलाही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी शिरूरला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. एकटी राहते. माझा थोरला भाऊ, दादा, दौंड तालुक्यात खुटबावला शेती करतो. त्याची मुलगी रोहिणी इंजिनिअर झाली आणि शिरूरजवळच्या एमआयडीसीत नोकरीला लागली. खुटबावहून रोजचं येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून दिवसभराच्या गप्पा. दारात दुसऱ्या कुणाच्या चपला असण्याची मला सवय नव्हती. ती लवकरच झाली — फार लवकर.

मग कंपनीनं तिला विचारलं, पोलंडच्या कारखान्यात दोन वर्षं जाशील का? ती हरखून गेली. लसूण सोलता सोलता मोबाईलवरून तिकडचे शब्द शिकायची. सकाळी दूधवाल्याला ‘जेन् दोब्री’ म्हणायची, म्हणजे नमस्कार. तो बिचारा म्हणायचा, ‘‘व्हय ताई, म्हशीचंच हाय.’’

युक्रेनच्या युद्धाला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं, आणि पोलंड युक्रेनला अगदी लागून. वहिनी घाबरली. दादानं मला आणि रोहिणीला रविवारी खुटबावला बोलावलं. जेवणं झाली, गोठ्यातलं आवरून तो हात पुसत आला आणि समोर बसला.

‘‘शालन, तू शिकलेली हायस. आमाला टीव्हीवरचं काय उमगत न्हाई. तू सांग, पाठवायचं का न्हाई? तू म्हणशील तसं.’’

आता इथं मला थोडं थांबावं लागेल. कारण मी जे सांगितलं त्यात एक शब्दही चूक नव्हता. मग खोटं कुठं होतं?

अमेरिकेनं पोलंडसारख्या मित्रदेशांना वचन दिलेलं आहे — तुमच्यावर हल्ला म्हणजे आमच्यावर हल्ला, आणि आमच्याकडे अणुबॉम्ब आहेत. मी दादाला म्हटलं, समज, तुझं कुणाशी भांडण झालं. लांबचा पाहुणा म्हणाला, मी येतो मदतीला. पण समोरचा पाहुण्याला म्हणाला, तू आलास तर तुझंच घर पेटवीन. तर येईल का तो पाहुणा? पोलंडची राजधानी वॉर्सा वाचवायला अमेरिका आपलं एखादं शहर पणाला लावील का?

दादाला एका क्षणात कळलं. ‘‘कशाला येतोय त्यो,’’ तो म्हणाला. वहिनीनं रोहिणीचा हात धरला. रोहिणी माझ्याकडे बघत होती. ती काहीतरी पुढचं ऐकायची वाट बघत होती.

आणि पुढचं होतं. वर्गात मी हा विषय दोन तासांत शिकवते. पहिल्या तासाला ही शंका. दुसऱ्या तासाला तिचं उत्तर — की पाहुणा येईलच अशी खात्री नसते, पण येणार नाही अशीही खात्री समोरच्याला नसते. आणि त्या धास्तीनंच कितीतरी वर्षं असं वचन मिळालेल्या देशाच्या अंगावर कुणी गेलेलं नाही. शिवाय तो कारखाना जर्मनीच्या बाजूला होता, युद्धापासून फार लांब. हेही मला ठाऊक होतं. मी नकाशा बघितला होता.

खुटबावच्या पडवीत मी पहिलाच तास घेतला. आणि गप्प बसले.

का? एकटेपणाला घाबरले म्हणून? की माझ्या तरुणपणी मला बाहेर शिकायला जायचं होतं आणि जाता आलं नाही, ते ह्या पोरीला इतक्या सहज मिळावं हे मला सोसलं नाही म्हणून? की खरोखरच जिवाची भीती वाटली? इतक्यांदा तपासून बघितलंय मी — आता तिन्ही उत्तरं खरी वाटतात आणि तिन्ही खोटी.

रोहिणीनं नकार कळवला. तिच्याऐवजी तिची मैत्रीण गेली. बर्फाचे, बाजाराचे फोटो पाठवायची. रोहिणी ते मला दाखवायची, न कुढता. मोबाईलवरचे ते शब्द मात्र बंद झाले. दूधवाल्यानं एकदा विचारलं, ‘‘ताई आता ते इंग्लिश बोलत न्हाईत व्हय?’’ मी म्हटलं, कामाचा ताण आहे.

इथवरचं असतं तर निदान सरळ तरी असतं. पण मग बातम्या बदलल्या. अमेरिका युरोपला म्हणू लागली, तुमचं तुम्ही बघा. फ्रान्स म्हणू लागला, आमच्या बॉम्बची छत्री मित्रांवर धरता येईल का, विचार करू. पोलंडमधूनच आवाज आला की मित्रांचे बॉम्ब आमच्या जमिनीवर आणून ठेवा. तर दुसरे म्हणाले, त्यानं धोका वाढेलच. जो दुसरा तास मी लपवला होता, त्यावर आता तिथल्याच लोकांचा भरवसा उरला नव्हता. दादाचा फोन आला. ‘‘तू तवाच सांगितलं हुतं. मी समद्यांस्नी सांगतो, माझ्या भनीला आधीच कळलं हुतं.’’ कॉलेजनं त्याच विषयावर माझं व्याख्यान ठेवलं. टाळ्या पडल्या. रोहिणी सुट्टी काढून आली होती, पुढच्या रांगेत बसली होती.

मग मी खोटं बोलले होते की नव्हते? जे बोलताना मला पटत नव्हतं, तेच नंतर थोडं खरं निघालं — तर त्याला काय म्हणायचं? मी राज्यशास्त्राची बाई, मला सांगता येत नाही. एवढं मात्र येतं: त्या रविवारी मी पोलंडबद्दल बोलतच नव्हते.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. गेल्या महिन्यात ती मैत्रीण परत आली. जागा पुन्हा रिकामी झाली, रोहिणीला पुन्हा विचारलं. संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली.

‘‘आत्या, या वेळी काय म्हणतेस?’’

सांगता आलं असतं. मागच्या वेळी मी तुला अर्धंच सांगितलं, माझं ऐकू नकोस, एवढं एक वाक्य. मी म्हटलं, ‘‘मला नाही गं सांगता येत.’’

आणि हे खरं होतं. पहिल्यांदाच मला खरोखर काही ठरवता येत नव्हतं. पण मागच्या खोट्यावर तिचा असा भरवसा बसला होता की माझं ‘माहीत नाही’सुद्धा तिला ‘नको’ ऐकू आलं. तिनं मान हलवली. ‘‘म्हणजे नाहीच ना,’’ म्हणाली. मी ओट्यावरचं पीठ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या तिनं सांगितलं, ‘‘कळवलं मी त्यांना. बरंय, तुझ्यासारखं विचारायला कुणीतरी आहे.’’

मी तिला भाकरी वाढली. तिनं आणखी अर्धी मागितली. आणि मला — मला बरं वाटलं.