पाणी उतरल्यावरचं रान

औरंगाबादच्या माणसाला समुद्र बघायचा असेल तर त्यानं मुंबईला कशाला जावं? स्टँडवर पैठणची लाल गाडी धरावी, ढोरकीन मागं पडलं की एका फाट्यावर उतरावं आणि उजव्या हाताला चालत सुटावं. सपाट वाट आहे, चढ नाही, गुडघे कुरकुरत नाहीत. शेतं संपली की समोर जे पसरलेलं दिसतं त्याला कुणी धरण म्हणो, कुणी जलाशय म्हणो, मला तो समुद्रच वाटत आलाय. पलीकडचा काठ दिसत नाही, वाऱ्याच्या दिवशी चांगल्या लाटा येतात, शिंपले सापडतात. खारं नाही एवढंच. उलट आम्ही शहरातले लोक तेच पाणी नळाला लावून पितो. आता असा समुद्र आणखी कुणाकडं आहे, सांगा!

मी काही हौसेनं फिरायला लागले नाही. सासूबाई गेल्या आणि सासरे आमच्याकडं राहायला आले, तेव्हापासूनची ही गोष्ट. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. जन्म शेतात गेलेला माणूस, तो आमच्या दोन खोल्यांत गॅलरीत बसून रस्त्यावरच्या रिक्षा बघायचा. डॉक्टर म्हणाले, चालवा यांना, नाहीतर पाय धरून बसतील. आमच्या ह्यांची कारखान्यात पाळी, रविवार असो की दिवाळी. मग राहिलं कोण? मीच.

पहिल्यांदा हर्सूलच्या तलावावर नेलं. शहर बस थेट जाते, तलावाच्या बांधावरून चालायला छान. पण तिथं जेलही आहे ना. बस निम्मी जेलमध्ये भेटायला जाणाऱ्यांनी भरलेली, मांडीवर डबे घेऊन. कंडक्टरनं आमच्या पिशवीतला डबा बघितला आणि हळू आवाजात विचारलं, "अम्मा, मुलाकात को? मुलगा आहे का आत?" मी म्हटलं, "यांचा मुलगा आत नाही, कारखान्यात आहे, पण भेट तेवढीच होते." बसमधले हसले. दादा मात्र हसले नाहीत. तलावाकडं एकदा नजर टाकून तलावाच्या भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "हे काय पाणी हाय व्हय? पाणी पैठणला हाय."

भिंतीकडं तोंड करून, कारण आमच्यात सून सासऱ्याशी सरळ बोलत नसे आणि सासराही सुनेशी. डोक्यावर पदर आणि बोलणं सगळं आडून. मी स्वयंपाकघरातून "वाढलंय, बसावं म्हणावं" म्हणायची. घरात दोघंच असलो तरी. कुणाला म्हणावं? पातेल्याला! मी शहरात वाढलेली, मला हे सगळं फार जड जायचं, चिडचिड व्हायची. पण रीत म्हणजे रीत. फिरायला गेलो तरी दादा पुढं आणि मी मागं, मध्ये बैलगाडी जाईल एवढं अंतर.

पैठणलाच का, ते मला ह्यांनी सांगितलं. दादांचं गाव धरणात गेलेलं. सरकारनं वर माळावर नवं गाव वसवून दिलं, तिथं ते कधी रमले नाहीत. पण पाणी उन्हाळ्याकडं उतरतं आणि काठाची जमीन उघडी पडते, तेव्हा बुडीत गावांतली माणसं खाली उतरून त्या गाळात पेरतात. गाळपेर म्हणतात त्याला. जमीन कुणाच्या नावावर नाही, पण ज्याचं जिथं रान होतं त्यानं तिथं पेरायचं, असं लोकांनी आपसांत ठरवलेलं. दादांचं रान फार खाली, नदीच्या पात्राजवळ. धरण भरल्यापासून ते एकदाही वर आलेलं नव्हतं. म्हाताऱ्याला मरायच्या आधी एकदा त्या रानात पाय ठेवायचा होता. बाकी त्यांना आयुष्याकडून काही नको होतं, अगदी माझ्या हातची पुरणपोळीसुद्धा नको असायची.

मग आमचे रविवार सुरू झाले. पैठण गाडी, फाटा, वाट, पाणी. पाण्याची गंमत अशी की ते मागच्या वेळी जिथं भेटलं तिथं पुन्हा कधी भेटायचं नाही. श्रावणात शेताच्या बांधाशी, संक्रांतीला दूर सरकलेलं. दादा काठावर उभे राहून पाण्याकडं काठी करायचे आणि हवेला सांगायचे, "तिथं. त्या बगळ्याच्या पल्याड." बगळा उडून जायचा. मग आम्ही काठाकाठानं चालायचो, मी दशम्या सोडायची, आणि दुपारच्या गाडीनं परत. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. आठवडाभर मी त्या वाऱ्याची वाट बघायची.

दुसऱ्या वर्षी पाणी जरा जास्त हटलं आणि गाळातून गावाची जुनी गाडीवाट थोडी वर आली. दादांची पावलं भराभर पडायला लागली. मासे धरणाऱ्यांच्या पायांच्या खुणा लांबून वळसा घालून गेलेल्या मला दिसत होत्या. पण दादांच्या डोळ्यांपुढं ती आधीचीच गाडीवाट, टणक, खडी पडलेली. त्यावर एवढी वर्षं गाळ बसलाय हे त्यांच्या मनातच नाही. मी मागून खाकरले. बांगड्या वाजवल्या. "वाट ओली दिसते म्हणावं," असं आभाळाला सांगितलं. ऐकतो कोण! पुढच्या पावलाला दादा गुडघ्यापर्यंत आत. मग माझा पदर कुठं आणि रीत कुठं! "दादा, थांबा! हलू नका! डोळे काय घरी ठेवून आलात का?" असं मी जे ओरडले, ते पैठणपर्यंत गेलं असेल.

काठीच्या आधारानं त्यांना ओढून काढलं. एक वहाण गाळानं ठेवून घेतली. मी पदर डोक्यावर ओढून उभी, आता काय ऐकून घ्यावं लागतंय म्हणून. दादा धोतर पिळत म्हणाले, "लई आवाज हाय की तुला. एवढे दिस कुठं व्हता?" आणि हसायला लागले. मलाही इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या दिवसानंतर आम्ही सरळ बोलायला लागलो. घरी ह्यांना चमत्कारिक वाटलं, पण ह्यांना कोण विचारतंय!

तिसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. शहरात नळ दोन-दोन दिवस कोरडे. गल्लीत हंडे, भांडणं, टँकरमागं धावाधाव. मी वैतागून गेले होते. आणि आमचे दादा? रोज सकाळी पेपर वाचणाऱ्या शेजाऱ्याला विचारायचे, "धरण किती उतरलं?" तो तोंड पाडून सांगायचा आणि दादांचा चेहरा खुलायचा. एकदा मी रिकामी घागर त्यांच्यापुढं आदळली. "गाव पाण्याविना मरतंय आणि तुम्ही खूश!" दादा खाली बघून म्हणाले, "खूश नाय गं. पण तुझ्या नळाचं पाणी माझ्या रानावरनंच येतंय की. आता एकदा मला बघू दे." मी घागर उचलून टँकरकडं गेले.

माघात आम्ही गेलो. पाणी इतकं लांब गेलेलं की आधी दिसेचना. भेगाळलेला गाळ, वाळलेले शिंपले, मध्येच फाटकं जाळं. वरचा थर वाळलेला, चालायला अडचण नव्हती. जागोजाग माणसं टरबुजाचं बी टोकत होती. दादा अंगात वारं शिरल्यासारखे चालले. गढीच्या दगडांवरून गाव ओळखलं, मारुतीचा ओटा ओळखला, तिथून नदीकडं वळले. मग त्यांचा वेग कमी झाला. थोडं डावीकडं गेले, परत आले. विहीर शोधत होते, ती गाळानं बुजलेली. बांध शोधत होते, ते विरघळून गेलेले. लिंबाची झाडं धरणाआधीच तोडलेली. जिकडं बघावं तिकडं एकसारखं सपाट, राखाडी. दादा उभे राहिले आणि कपाळावर हात धरून नुसते बघत राहिले.

शेजारी एक माणूस बी टोकत होता, दादांपेक्षा थोडा लहान. त्यानं रामराम घातला आणि विचारलं, "तुमचं कुठलं, बाबा?"

दादा पुन्हा चारी दिशांना बघायला लागले. मला ते बघवेना. मी पायाखाली बोट केलं आणि ठोकून दिलं, "हेच. हे आमचंच."

तो माणूस गडबडला. "असं व्हय? मग म्या तुमच्यात शिरलो की. सरकतो." आणि खरंच आपली पिशवी, पाण्याची कळशी उचलायला लागला.

"थांब," दादा म्हणाले. "हिचं ऐकू नको. हे आमचं नाय." मग माझ्याकडं वळले. "सूनबाई, मला माझं रान ओळखू येईना गं." आणि ते रडायला लागले. सासूबाई गेल्या तेव्हाही न रडलेला माणूस, लहान पोरासारखा हुंदके देत होता. मीही रडले. काय करू, दुसरं काही सुचलंच नाही.

तो माणूस कळशी खाली ठेवून जवळ आला. इकडं तिकडं बघून, कुणी ऐकत नाही ना अशी खात्री करून म्हणाला, "बाबा, खरं सांगू? मलाबी नाय येत ओळखू. कुणालाच नाय येत. अंदाजानं येऊन उभं राहायचं, न् माझं म्हणायचं. दुसरा बाजूला सरकतो, त्यालाबी ठावं नसतंय."

दादांनी डोळे पुसले. नाक पुसलं. मग त्यानं टोकलेल्या ओळीकडं नजर गेली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "दाट टोकलंस की रे. येल पसरणार कुठं?"

"तुम्ही दावा मग."

दादांनी धोतराचा काचा मारला, त्याच्या पिशवीतलं मूठभर बी घेतलं आणि गुडघे टेकून बसले. बोटानं आळं करायचं, दोन बिया टाकायच्या, तळव्यानं माती दाबायची. मी मागून कळशीनं पाणी घालत गेले. एक अख्खी ओळ झाली. मग तो माणूस म्हणाला, आणखी एक टाका, आणि दुसरीही झाली. गुडघ्यांची तक्रार त्या दिवशी कुणी केली नाही. आमची गाडी चुकली, संध्याकाळच्या गाडीला उभ्यानं यावं लागलं, दादा सगळ्या वाटेत नखांतला गाळ काढत होते आणि त्या माणसाला काय काय सांगायचं राहिलं ते मला सांगत होते.

घरी ह्यांनी दार उघडलं. बापाचं गाळानं माखलेलं धोतर बघून विचारलं, "सापडलं का रान?"

"रान काय घावलं नाय," दादा वहाणा काढत म्हणाले. "पण पेरून आलो."