मामीची एकच कुजबुज

माझ्या मामीवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, गौरी जेवणाच्या दिवशी, भर दुपारी, नवी मुंबईतल्या सारसोळे गावात, तिच्या स्वतःच्या घरात. ओसरी पाहुण्यांनी भरलेली होती. तिच्या पोटात रक्तस्राव होत होता. तिला दवाखान्यात न्यायचं सोडून आतल्या खोलीत निजवलं आणि दार लोटून घेतलं. कशासाठी, तर चांगली बातमी वेळेआधी फुटू नये म्हणून. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण आमच्याकडे माणूस गेलं की तिसऱ्या वाक्याला ‘नशीब’ येतं. नशिबाचा यात काही संबंध नाही. कसा नाही, ते सांगते.

मामीला हळू बोलता येत नसे. माहेर उरणकडच्या खाडीकाठचं, होडीवरच्या बापाला काठावरून हाका मारत वाढलेली. ती भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली की शेजारच्या सेक्टरातल्या सोसायटीच्या खिडक्यांत माणसं दिसायची. मामा न्हावा-शेव्याला कंटेनर यार्डात क्रेन चालवतो. तो म्हणायचा, “हिला मोबाईल कशाला? ओट्यावर उभी राहिली तरी मला क्रेनवर ऐकू येतं.” मामी म्हणायची, “ऐकू येतं ना? मग येताना कोथिंबीर कशी इसरतोस?”

लग्नाला काही वर्षं झाली आणि मूल होईना, तेव्हा बाकीच्या बायका करतात तसं गुपचूप उपास, गुपचूप नवस तिने केलं नाही. ती मामाला घेऊन तपासायला गेली. भरलेल्या वेटिंग रूममध्ये नर्सने तिचंच नाव पुकारलं, तर ही म्हणाली, “आदी याची तपासनी करा. बाईलाच काय रोज रोज सुया?” समोर बसलेले नवरे एकजात मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. मामा लाजेने लाल झाला, पण गेला. त्याचा रिपोर्ट चांगला आला. मग हिच्या नळ्यांचा एक्स-रे काढला. गर्भपिशवीतून औषध सोडतात आणि ते नळ्यांतून पुढे जातं की नाही बघतात. उजवी नळी पूर्ण बंद निघाली, डावी सुजून अरुंद झालेली.

घरी आल्यावर ती चप्पलसुद्धा न काढता ओट्यावर उभी राहिली आणि आख्ख्या गल्लीला म्हणाली, “ऐका गो! मी वांझ-बिंझ काय नाय. माज्या नल्या बंद हायेत. पावसात आख्खी नवी मुंबई तुंबते, तिला कोन वांझ म्हनतं काय?”

आजी, म्हणजे माझ्या आईची आई आणि मामीची सासू, पदर तोंडाशी धरून आत निघून गेली. मी कॉलेजात होते. त्या दिवशी मी ठरवलं, मोठं होऊन अशीच बाई व्हायचं.

नळ्या बंद का होतात, हे मी मामीमुळे शिकले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पूर्वी कधी अंगावरून पांढरं जायचं का, ओटीपोट दुखून ताप यायचा का? यायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आला होता आणि घरातल्या बायकांनी तिला सांगितलं होतं, बायकांना होतंच असं. हे वाक्य मला कोणी दगडावर कोरून दिलं तर मी तो दगड फोडीन. वेळेवर गोळ्या घेऊन बरा होणारा आजार बाईने अंगावर काढायचा, त्याने नळ्या बुजायच्या, आणि मग त्याच बायकांनी तिला सांगायचं की तुझी कूस उजवत नाही!

तोवर मी बायकांच्या एका संघटनेत जायला लागले होते. पत्रकं लिहायचे, नेरूळ स्टेशनबाहेर वाटायचे. ‘वांझ म्हणणाऱ्यांनो, लाज बाळगा’ असं एक पत्रक मोठ्या अभिमानाने मामीला नेऊन दिलं. तिने ते चुलीपुढे बसून वाचलं, पार प्रकाशकाच्या पत्त्यापर्यंत. मग म्हणाली, “झकास लिवलंस. शिव्या लय हायेत. दवा कंय हाय?”

दवेच्या नावाखाली आजीने तिला एका पोट चोळणाऱ्या बाईकडे नेलं. बेंबी सरकली असेल, चोळली की जागेवर येईल, असा आमच्याकडचा जुना समज. मामी गेली. सासूचा मान राखायचा म्हणून गेली. परत आल्यावर म्हणाली, “नल्या र्‍हायल्या बाजूला, त्या बयेने माज्या आतड्याचा आंबाडा घातला.” आम्ही हसलो. आजीसुद्धा हसली. नंतर मामी मोरीत तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ पाणी सोडून ठेवलं.

गावात एक लग्न होतं. हळद कांडायला घाणा भरतात तेव्हा मुसळाला लेकुरवाळ्या बायकांचे हात लागतात. मामी पुढे झाली, तर नवरदेवाच्या काकीने तिचा हात धरून बाजूला केला. भांडण नाही, आवाज नाही, अगदी मायेने. मामी मांडवाबाहेर जाऊन उभी राहिली आणि तिथून तिने हळदीची गाणी म्हणायला सुरुवात केली. मांडवातल्या बायकांना आपलं गाणं ऐकू येईना. काकी बाहेर आली तशी मामी म्हणाली, “मुसलाला हात लावू नको म्हनलीस. गल्याचं काय बोलली नायस.” त्या रात्री तिला ताप भरला. ताणाने भरला, असं मी म्हणते. आजी म्हणाली, नजर लागली.

मग दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. उजवी नळी काही उघडली नाही, डावी मोकळी करता आली. डॉक्टरीणबाईंनी मामा-मामीला समोर बसवून सांगितलं, नळी मोकळी झाली तरी आतून दुखावलेली आहे. गर्भ पिशवीपर्यंत पोचायच्या आधी वाटेतच, नळीतच अडकू शकतो. तिथे तो वाढत नाही, नळी फुटते. तेव्हा पाळी चुकली की लगेच यायचं. मामीने हे मला शब्दन् शब्द सांगितलं होतं. तिला सगळं माहीत होतं, म्हणून तर जास्त लागतं.

ऑपरेशननंतर एकदा पाळी लांबली. मामीने आनंदाच्या भरात ओट्यावरून सांगून टाकलं. आठवडाभरात पाळी आली. मग जो तो एकच बोलला. शेजारीण बोलली, नणंद बोलली, म्हणजे माझी आईसुद्धा बोलली: तुझ्या तोंडानेच जातं गो ते. इतकी वर्षं त्या बाईला कोणी गप्प करू शकलं नव्हतं. या एका वाक्याने केलं. ज्या गोष्टीसाठी ती सुया टोचून घेत होती, ती आपल्या आवाजाने पळून जाते, असं तिला खरंच वाटायला लागलं.

पुढच्या खेपेला घरीच चाचणी केली. दोन रेघा उमटल्या. आजीने सांगितलं, तिसरा महिना भरेपर्यंत ब्र काढायचा नाही. कोणापुढेच नाही. दवाखान्यात गेलं की गावातलं कोणीतरी बघतंच, आणि ते सोनोग्राफीचं यंत्र कोवळ्या जिवाला लावायचं नसतं. मामा म्हणाला, “जाऊन येऊ ना गुपचूप.” मामी त्याला म्हणाली, “गौरी जेवू दे, मंग जाऊ.”

गौरी जेवणाला मी आणि आई सारसोळ्याला गेलो. आमच्यात गौरीला तिखटाचा नैवेद्य. घरात मटणाचा वास, पाहुणे, पोरांचा दंगा, आणि मामीचा आवाज कुठेच नाही. मी आजीला विचारलं.

“पित्त झालाय. निजलेय,” आजी म्हणाली.

मी दार उघडून आत गेले. मामी भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. कपाळ घामाने थंड.

“मामी, काय होतंय?”

“खांदा दुखतो गो. लय दुखतो.”

दारातून आजी म्हणाली, “सकालपासून भाकऱ्या थापतेय, खांदा भरून येनारच.”

मामीने माझं मनगट धरलं, मला खाली ओढलं आणि कानाशी म्हणाली, “मना दिवस हायेत. कोनाला बोलू नको.”

ओळख झाल्यापासून पहिल्यांदा मला तिचं बोलणं ऐकायला कान जवळ न्यावा लागला. आणि ती वर म्हणाली, “तू रागावू नको हां.”

पोटात रक्त साचलं की खांदा दुखतो, हे मला आमच्या एका शिबिरातून माहीत होतं. पुढचं सगळं मी ओरडत केलं. ओसरीवरचे पाहुणे ताटावरून उठले. गल्लीत मंडप होता, रिक्षा आत येईना, म्हणून आई आणि मी तिला चादरीत घेऊन बाहेरपर्यंत आणलं. नैवेद्याच्या ताटापुढून जाताना मामीने डोक्यावर पदर ओढायचा प्रयत्न केला, सगळे बघत होते म्हणून. दवाखान्यात पोचलो तोवर नळी फुटलेलीच होती. रक्त दिलं, ऑपरेशनला घेतलं, पण मामी टेबलावरच गेली. मामा यार्डातून पोचला तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर येऊन उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “सांगितलं होतं ना मी?”

आजी वाईट बाई नाही. तिची स्वतःची दोन मुलं पोटात असतानाच गेली होती, आणि दोन्ही वेळा तिलाही हेच ऐकवलं होतं की बोलून दाखवलंस म्हणून गेली. ती आता ओसरीवर बसते आणि येईल त्याला सांगते, “मीच गप केली तिला.” लोक म्हणतात, असं बोलू नको, नशीब एकेकाचं. मी म्हणते, बोलू दे तिला. इतक्या वर्षांत आमच्या घरात बोललं गेलेलं ते पहिलं खरं वाक्य आहे.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या घरात, शेजारात कोणाची पाळी चुकली असेल, तिच्या नळ्यांवर उपचार झाले असतील किंवा नसतील, हे वाचणं थांबवा आणि तिच्याकडे जा. एका बाजूला पोट दुखतं का, डाग लागतो का, चक्कर येते का, खांदा दुखतो का, विचारा. एकालाही ती हो म्हणाली तर आत्ता, याच क्षणी, तिला दवाखान्यात न्या. घरात पाहुणे असोत की देव. सगळ्याला नाही म्हणाली तरी याच आठवड्यात न्या. गावाला कधी सांगायचं ते तुम्ही सावकाश ठरवा. डॉक्टरला आज सांगा.