गोधडीचं वजन

रागावता न येणारी वरिष्ठ बाई अख्ख्या खानदेशात एकच होती आणि ती नेमकी आमच्या वाट्याला आली. आम्ही चोपड्याकडच्या सात-आठ गावांच्या आशाताई, आणि अक्का आमच्या गटप्रवर्तक, म्हणजे आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या. देखरेख कसली, यायच्या आणि भिंतीला टेकून पाहुण्यासारख्या बसून राहायच्या. वहीत दहा चुका असल्या तरी आधी म्हणायच्या, "अक्षर मोठं ग्वाड शे तुनं." मग हळूच, "हाई माले जरा समजाड ना." समजावता समजावता आपली चूक आपल्यालाच दिसायची आणि अक्का बशीत चहा ओतून घ्यायच्या. एका घरच्या सासूबाईंना तर अक्काच शिकाऊ वाटल्या. "नवी शे बिचारी, नीट शिकाड तिले," असं त्यांनी मला बजावलं. अक्कांनी मुकाट्यानं मान डोलावली. चहा मात्र दुसऱ्यांदा घेतला.

एकदा घरीच बाळंत झालेल्या एका सुनेचं तीन दिवसांचं बाळ मी तोलत होते. झोळी टोचू नये म्हणून आजीनं आत गोधडीची घडी घातली होती. काटा अडीच किलोवर थांबला. मी खुशीत लिहून टाकलं. कोपऱ्यातून अक्कांनी विचारलं, "गोधडीनं वजन कितलं व माय?" मी नुसती गोधडी टांगली. पाऊण किलो भरली. पावणेदोन किलोचं ते लेकरू दूधही नीट ओढत नव्हतं, आणि मी त्याला धडधाकट ठरवून निघाले होते. अक्कांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायला लावलं, वरून पदर गुंडाळला, आणि गाडी बोलावून आम्ही त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

परतताना बसमध्ये मी बोलणी खायच्या तयारीनं बसले होते. अक्कांनी दोघींची तिकिटं काढली. शेवटी मीच म्हटलं, "अक्का, रागवा तरी."

"माले एक सायेब भलताच बोलना व्हता," बाहेरच्या केळीच्या बागांकडं बघत त्या म्हणाल्या. "मंग पुढली चूक मी दपाडी ठी, कोणलेच दखाडी नही. त्यानापायी एक तान्ही पोर गयी."



गेल्या वर्षी अक्का निवृत्त झाल्या. ते बाळ आता अंगणवाडीत जातं आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाही. नव्या बाई हुशार आहेत, पण तापट. अक्कांची फार आठवण येते. परवा मी आपणहून माझी एक चूक नव्या बाईंना दाखवली. त्या चारचौघींत खूप बोलल्या. वहीत पुढच्या पानावर आणखी एक चूक होती. पान उलटून मी तीही दाखवली.