आधी जीभ दाखवा

"जीभ काढ बघू," हे अक्का माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. नाव त्यांनी नंतर विचारलं.

नर्सिंग कॉलेजातून आमची तुकडी सोलापुरातल्या एका दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात, पहिल्यांदाच गेली होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वडिलांची मंगळवेढ्याकडे शेरडं आणि थोडी ज्वारीची जमीन. मोठ्या माणसांनी सांगितलं की करायचं, कॉलेजाविषयी मला एवढंच ठाऊक होतं. म्हणून मी जीभ काढली. अक्कांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, माझी हनुवटी धरून मान इकडे तिकडे वळवली आणि म्हणाल्या, "आता टाळूला लाव. हां. आता नाकाकडं ने." मी ती नाकाकडे नेत होते तेवढ्यात आमच्या कॉलेजच्या मॅडम आत आल्या.

"या मॅडम," अक्का म्हणाल्या, "तुमची पण बघू."

मॅडमनी काढली. अक्कांना नाही म्हणणारं माणूस मी त्या दवाखान्यात पाहिलं नाही. अंगाने भरलेल्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीतल्या, जुळे सोलापूर भागातून स्कूटीवर येणाऱ्या. नोकरीची शेवटची वर्षं चालली होती. खरं नाव रजिस्टरात असेल, पण मोठ्या डॉक्टरांपासून वॉचमनपर्यंत सगळे अक्काच म्हणायचे. त्या आम्हा मुलींना गावाच्या नावाने हाका मारायच्या. मी मंगळवेढा झाले. माझ्या शेजारची अक्कलकोट झाली.

या जिभेच्या नादामागे कारण होतं. जिभेखाली एक पातळ पापुद्रा असतो. तुम्ही वाचता वाचता जीभ वर उचलून बघितलीच असेल आता, माझंही तसंच झालं होतं. काही बाळांचा हा पापुद्रा आखूड नाहीतर फार पुढे चिकटलेला असतो. मग जीभ पुढे येत नाही, वर उचलली जात नाही. अशा काही बाळांना आईचं दूध नीट ओढता येत नाही. ती हिरड्यांनी चावतात, दमतात, झोपतात, उठून पुन्हा रडतात. आईला जखमा होतात आणि घरातले म्हणतात, हिला दूधच नाही. डॉक्टर त्याला टंग-टाय म्हणतात. अक्का म्हणायच्या, "कूसूची जीभ बांधलीय." कूसू म्हणजे कानडीत बाळ. अक्कांच्या तोंडात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली असायची.

चांगली, चालती जीभ कशी असते हे आधी डोळ्यात बसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दिसेल त्याची जीभ बघायची. औषध कंपनीचा एक तरुण बॅग घेऊन नव्या पावडरीबद्दल बोलायला आला होता. त्याचं भाषण सुरू होण्याआधीच अक्कांनी त्याची जीभ मागितली. ती त्याने काढली, परत आत घेतली, आणि मग त्याला पुढचं काही आठवेना.

बाळं आपल्याला बघून जीभ काढतात, हेही त्यांनीच शिकवलं. अगदी कालचं बाळसुद्धा. आपण तोंडासमोर तोंड नेऊन जीभ बाहेर काढायची आणि वाट बघायची. एका दुपारी त्यांनी मला एका पाळण्यापाशी उभं केलं आणि त्या चहाला गेल्या. मी जीभ काढून उभी राहिले. बाळ झोपलं. आता जीभ आत घ्यायची की अक्कांची वाट बघायची, हे मला कळेना. मागून बाळाची आत्या आली आणि सरळ मोठ्या डॉक्टरांकडे गेली. ही पोरगी आमच्या बाळाला वेडावते म्हणून तिने तक्रार केली. मी रडकुंडीला आले. अक्का बशीतला चहा संपवून म्हणाल्या, "लाज कसली? जीभच हाय की."

रात्री फोनवर मी वडिलांना हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आनि परीक्षेत काय इचारत्यात?"

उन्हाळ्यात वळसंगकडची एक सून बाळंत झाली. पहिलाच मुलगा. बाळ छातीशी घेतलं की ती पदराचं टोक दातांत धरायची. बाळ पिताना चक् चक् असा आवाज यायचा, दूध ओठांच्या कडेने गळायचं आणि थोड्या वेळात ते दमून झोपायचं. वजन वाढायचं सोडून उतरत होतं. सासूबाईंनी पावडरीचा डबा आणून खाटेखाली ठेवला होता. येईल त्याला त्या सांगत, "हिला दूधच न्हाय. लेकरू उपाशी हाय." सून मान खाली घालून बाळाला थोपटायची. मी एकटी असले की विचारायची, "सिस्टर, मला खरंच नसंल का हो?"

मला सिस्टर म्हणणारी ती पहिलीच. मी अक्कांना शोधायला गेले.

अक्कांनी एक उकळून घेतलेली स्टीलची वाटी आणली, पडदा ओढला आणि तिला हाताने दूध कसं काढायचं ते दाखवलं. बाहेर आल्या तेव्हा वाटी भरत आली होती. ती त्यांनी सासूबाईंच्या नाकासमोर धरली. ते दूध बाळाला चमच्याने पाजलं. मग बाळ धरायची पद्धत बदलून बघितली, कधी काखेत, कधी आडवं. कितीतरी बाळांचं तेवढ्यानेच भागतं, कापायची गरजच पडत नाही. या बाळाचं भागेना. बालरोगाच्या डॉक्टरीणबाईंनी बोट घालून जीभ उचलून बघितली आणि म्हणाल्या, पापुद्रा टोकापर्यंत आलाय, छोटासा छेद दिलेला बरा.

बाळाचे वडील जेसीबी चालवायचे. एवढं मोठं यंत्र चालवणारा माणूस, पण म्हणाला, "अप्पा म्हणतील तसं."

अप्पा म्हणजे त्याचे वडील. पांढरं धोतर, कपाळाला भस्म, वॉर्डाबाहेरच्या बाकावर ताठ बसलेले. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. जिभेला कात्री लागली की वाचा जाते. पोरगं मुकं झालं तर कोण भरून देणार? डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मुलाने चाचरत समजावलं. अप्पा हलले नाहीत. पडद्याआड सून हुंदके गिळत होती.

अक्का खिडकीत उभ्या होत्या. तिथून फाटकाबाहेरचा कुल्फीवाला दिसायचा. अप्पा खाली त्याच्याकडे गेले तेव्हा अक्कांनी मला बोलावलं.

"मंगळवेढा, अप्पा रोज दुपारी कुल्फी खातात. कशी खातात ते बघून ये."

मला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. मी खाली गेले, एक कुल्फी घेतली आणि अप्पांपासून थोड्या अंतरावर उभी राहिले. हेरगिरीची सवय नसल्यामुळे मी त्यांच्याकडे इतकी टक लावून बघत होते की त्यांनी दोनदा टोपी नीट केली. माझी कुल्फी हातावरून कोपरापर्यंत ओघळली.

वर येऊन मी सांगितलं, "अक्का, ते चावून खातात."

"कुल्फी?"

"काडीसकट चावतील असं वाटलं."

"ओठाला लागलेलं कशानं पुसलं?"

"उपरण्यानं."

"जिभेनं न्हाई?"

"एकदाही नाही."

अप्पा वर आल्यावर अक्कांनी स्टूल उचललं आणि बाकासमोर नेऊन ठेवलं. अप्पांसमोर बसून त्यांनी कानडीत गावाकडची चौकशी केली, पावसाची केली, आणि मग त्याच आवाजात म्हणाल्या, "नालगी तोरसरी." म्हणजे जीभ दाखवा.

अप्पांचा चेहरा लाल झाला. ते मराठीत म्हणाले, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, "बाई, आमच्या घराण्यात कुनी कुनाला जीभ काडून दाखवत न्हाय. माज्या आज्यानं कदी दाखवली न्हाय, मी न्हाय, माज्या पोरानं न्हाय. संस्कार हायत ते आमचे."

सासूबाईंनी अभिमानाने मान हलवली. त्या घरात लहान मुलांनीसुद्धा कधी कुणाला वेडावलं नव्हतं, आणि गावात याचं कौतुक होतं. दुसऱ्यांच्या पोरांना अप्पांच्या घरचं उदाहरण द्यायचे म्हणे.

"चांगलं हाय की," अक्का म्हणाल्या. "पण दाखवायची ठरवली तर येती का बाहेर?"

अप्पांनी भिंतीकडे वळून तोंड उघडलं. त्यांच्या मानेची शीर ताणलेली मला मागून दिसत होती. बराच वेळ ते तसेच होते. मग मुलाकडे वळून म्हणाले, "तू काड रं."

मुलाने तोंड उघडलं. जीभ खालच्या दातांपर्यंत आली आणि थांबली. टोकाला मध्येच खाच पडली, बदामासारखी. एवढा मोठा माणूस, तोंड उघडं ठेवून बापाकडे बघत होता. सासूबाई एकदा नवऱ्याकडे, एकदा मुलाकडे बघत राहिल्या. पडद्याच्या फटीतून एक आवाज आला. इतक्या दिवसांत सून पहिल्यांदाच हसत होती. मग मला हसू आलं, मग सासूबाईंना, आणि शेवटी तोंड बंद न करता मुलालाही.

अप्पा मात्र हसले नाहीत. ते हळू म्हणाले, "बाई, मी शेरडाच्या दुधावर वाडलो. माज्या आयला दूध नव्हतं म्हनायचे. मरेपर्यंत सगळी तिला तसंच म्हनायची. मी पन म्हनायचो."

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"तिला आसंल का हो दूध?"

अक्कांनी स्टूल जरा पुढे ओढलं. खोटा धीर देणं त्यांना जमत नसे. "आता कोण सांगणार, अप्पा," त्या म्हणाल्या. "पण असंल. असू शकतंय."

अप्पा उठून जिना उतरले. फाटकाशी गेले, कुल्फी न घेताच परत आले आणि मुलाला म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना बोलीव."

छेद द्यायला माझ्या भीतीएवढाही वेळ लागला नाही. बाळ ओरडलं, गॉजला रक्ताचा ठिपका लागला आणि अक्कांनी ते लगेच आईच्या छातीशी दिलं. आईने सवयीने पदराचं टोक दातांत धरलं, डोळे मिटले आणि वाट बघितली. मग एक डोळा उघडला. मग पदर तोंडातून काढला.

"कमी लागतंय," ती म्हणाली.

चक् चक् आवाज थांबला होता. बाळ गटागट गिळत होतं, दमेकरी माणसाला मोकळा श्वास मिळावा तसं. पिऊन झाल्यावर अक्कांनी त्याच्यासमोर आपली जीभ भलीमोठी बाहेर काढली. बाळानेही काढली असं लिहायला मला आवडलं असतं. ते झोपलं. सासूबाईंनी खाटेखालचा डबा पिशवीत घातला आणि सुनेच्या पाठीला उशी लावून दिली.

पुढच्या वर्षी अक्का निवृत्त झाल्या आणि लेकीकडे विजापूरला गेल्या. निरोपाच्या दिवशी ग्रुप फोटो निघाला. "हसा," असं फोटोवाला म्हणाला, आणि सगळ्या स्टाफने एकदम जीभ काढली. मोठ्या डॉक्टरांनीसुद्धा. तो फोटो ऑफिसात लावता येत नाही म्हणून लिनन रूममध्ये, चादरींच्या कपाटाच्या आतल्या बाजूला लावलाय. अक्का एकट्याच तोंड मिटून, चष्मा डोळ्यांवर घेऊन, बाकीच्यांकडे वळून बघताहेत.

परवा दुपारी मी ड्यूटी संपवून फाटकाबाहेर आले तर ते सगळे उभे होते. अप्पा, सासूबाई, सून, आणि तिच्या हाताला धरून नुकता चालायला लागलेला तो. अक्कांना भेटायला आले होते. त्या इथे नसतात हे मला सांगावं लागलं. अप्पांच्या हातात तीन कुल्फ्या होत्या. पोराने मला वर बघितलं आणि कुल्फीने पांढरी झालेली जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढली.

"आरं, जीभ काडू न्हाय," सासूबाई सवयीने म्हणाल्या.

"काडू दे," अप्पा म्हणाले. "बाईंना दाखवायलाच आनलाय त्याला."

मग त्यांनी तिसऱ्या कुल्फीकडे बघितलं. ती काडीवरून ओघळायला लागली होती. "तुमी घ्या, सिस्टर. बाईंची हाय. वितळंल."

मी घेतली. अप्पा बाजूला उभे राहून आपली कुल्फी कडाकडा चावत होते. त्यांच्यासमोर चाटत उभं राहणं मला बरं वाटेना. मीही चावली. दात असे शिवशिवले की डोळ्यांत पाणी आलं, पण अक्कांची होती म्हणून शेवटपर्यंत तशीच खाल्ली.