शेजारी लपवलेले ड्रम

मुलीकडची माणसं रविवारी घर बघायला येणार असा निरोप गुरुवारी संध्याकाळी आला आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो पाण्याचा. पाणी कधी आहे? नवऱ्यानं मोबाइल हातभर लांब धरून कॉलनीचा ग्रुप उघडला. "सोमवारी," तो म्हणाला. म्हणजे आठ दिवसांनी येणारं पाणी नेमकं पाहुणे येऊन गेल्यावर येणार. मला नवल वाटलं नाही. आमच्याकडच्या पाण्याला कार्य कळतं, आणि ते बरोबर टाळून येतं.

घर बघायला येणं म्हणजे काय, ते सांगते. मुलामुलीची पसंती झालेली असते, पत्रिका जुळलेली असते, मग मुलीचे आईवडील कुणातरी नातेवाइकाला घेऊन मुलाचं घर डोळ्यांखालून घालून जातात. पूर्वी तो नुसता उपचार होता. चहा-पोहे होत आणि उठता उठता तारखेचं बोलणं होई. आता दिवस बदललेत. शेती पाहिजे पण शेतात राबणारा जावई नको, नोकरी पाहिजे पण शिफ्टची नको. माझा एकुलता एक मुलगा तेहतिशीचा, वाळूजला कंपनीत, आणि तिन्ही शिफ्ट करणारा. दोन स्थळं ह्याच पायरीवर येऊन अडली होती. दुसऱ्या वेळी मुलीच्या काकांनी आमच्या पोर्चमध्ये उभं राहून तिथले निळे ड्रम निरखून पाहिले आणि म्हणाले, "साठवण बरीच दिसते." चार दिवसांत नकार आला. तेव्हापासून ते ड्रम माझ्या डोळ्यांत सलत होते.

ह्या वेळी मुलगा स्वतः मनापासून अडकला होता. औरंगपुऱ्याच्या बाजारात दोघं एकदा भेटली आणि त्यानंतर हा माणूस घरात शीळ घालत फिरायला लागला. न सांगता केस कापून आला. शुक्रवारी रात्रपाळी करून आला, दोन तास झोपला आणि उठून स्वतःच लांब दांड्याचा झाडू घेऊन जळमटं काढायला लागला. तेहतीस वर्षांत त्यानं छताकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. मला हसू आलं, आणि भीतीही वाटली. हे स्थळ गेलं तर ह्याचं काय होईल, हा विचार मी झटकत होते आणि तो पुन्हा येऊन बसत होता.

आमचं घर शहराच्या कडेला पडेगावला, मोठ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. दिवसभर गाड्या जातात आणि त्यांची धूळ आमच्या शोकेसमध्ये राहायला येते. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. एरवी मी तिच्याशी भांडत नाही. पण पाहुणे येणार म्हटलं की मला तीच धूळ दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसायला लागते आणि माझं डोकं फिरतं. पडदे काढले तर धुणार कशात? फरशी पुसायची तर एक बादली, तीही कपडे धुतलेल्या शेवटच्या पाण्याची. फरशी पुसून झाली की तेच पाणी संडासात. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला. आमच्या घरात पाणी एकदा वापरून सुटत नाही.

गच्चीवरच्या टाकीला मी कुणालाच हात लावू देत नव्हते. पाहुण्यांनी तोटी फिरवली तर पाणी यायला हवं, म्हणून तळाशी होतं ते राखून ठेवलं होतं. मुलगा कंपनीतच अंघोळ करून येत होता. नवऱ्याला मी दाढीला सलूनमध्ये पिटाळलं.

"अगं, घर बघायला येतायत, राजवाडा बघायला नाही," तो म्हणाला.

ह्या माणसाचं घर आवरणं म्हणजे सोफ्यावरची वर्तमानपत्रं उचलून पलंगावर ठेवणं. पलंग आवरायला सांगितला की ती परत सोफ्यावर. निवृत्त झाल्यापासून सल्ला देणं एवढंच काम त्यानं अंगावर घेतलंय, आणि ते मात्र न सांगता करतो.

"तुम्ही फक्त माळ्यावरची मोठी कपबशी काढून द्या," मी म्हटलं.

"कुठली मोठी?"

मी स्वतःच स्टुलावर चढले.

शनिवारी सकाळी पोर्चमध्ये उभी राहिले आणि ठरवलं की ड्रम इथून हलवायचे. चार निळे ड्रम, भिंतीला टेकून, फाटकातून आत येणाऱ्याला सगळ्यात आधी दिसतील असे. ते पाहिले की आमच्या घराची सगळी कुंडली कळते. नवरा म्हणाला, "कशाला लपवाछपवी? सगळ्या गावाकडे आहेत ड्रम." मी म्हटलं, सगळ्या गावाच्या पोराचं लग्न अडलेलं नाही.

पण भरलेला ड्रम हलत नाही. दोन ड्रम रिकामेच होते, उरलेल्या दोनांत निम्मं-निम्मं पाणी होतं. आणि इथं मी एक चूक केली. उद्या पाहुणे जातील, परवा पाणी येईलच, असा हिशेब करून मी ते सगळं पाणी घरावर ओतलं. पुसलं नाही, धुतलं. पदर खोचून पोर्च घासला, पायऱ्या घासल्या, खिडक्यांच्या जाळ्या फाटकाबाहेर नेऊन खराट्यानं धुतल्या. पाणी गल्लीत वाहत गेलं तेव्हा समोरच्या बाई दारात येऊन बघून गेल्या. कितीतरी वर्षांत मी असं पाणी वापरलं नव्हतं. फरशीचा खरा रंग दिसला आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

रिकामे ड्रम मी आणि मुलानं भिंतीवरून शेजारच्या भाभींकडे उतरवले. त्यांच्या मिस्टरांचं शिलाईच्या सामानाचं दुकान आहे. आमचा वीस वर्षांचा शेजार आहे. मी शाळेत शिकवत होते म्हणून त्या मला अजून टीचरच म्हणतात.

"काय झालं टीचर, ड्रम कायको निकाले?" त्यांनी विचारलं.

"उद्या पाहुणे येतायत. मुलीकडचे."

"तो? मेहमानों को पानी नै चलता क्या?" एवढं बोलून त्यांनी ड्रम आपल्या अंगणात ओळीनं लावून घेतले.

रविवारी अकरा वाजता पाहुणे आले. मुलीचे वडील, आई आणि मामा. पैठणच्या बाजूच्या खेड्यातली माणसं, शेती असलेली, बोलायला मोकळी. वडील आल्या आल्या म्हणाले, "पाय धुवायला पानी कुठंय?" चांगली जुनी रीत, दुसरं काय. मी पोर्चमधला नळ दाखवला आणि आत पोहे परतायला गेले. त्यांनी पाय धुतले, मग मामांनी धुतले, मग तोंड धुतलं, चूळ भरली. कढईत कांदा करपत होता आणि माझा सगळा जीव त्या नळाच्या आवाजात. टाकीतलं पाणी मला आतून खाली उतरताना दिसत होतं. दोन माणसांना पाय धुवायला किती वेळ लागतो?

बाकी सगळं चांगलं चाललं होतं. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून नीट उत्तरं देत होता. नवरा मामांशी कापसावर बोलत होता. मुलीची आई मात्र कमी बोलत होती आणि बघत जास्त होती. ती माझ्या मागं स्वयंपाकघरात आली. ओट्यावरून हात फिरवला, म्हणाली, "लई चकचकीत ठिवलंय ताई तुमी." मग तिनं सहज केल्यासारखी सिंकची तोटी फिरवली. पाणी आलं. तिनं बंद केली.

"पान्याचं कसं हाय हितं?"

"येतं की," मी म्हटलं.

"रोज?"

"काही अडत नाही आमचं."

रोज असं मी म्हणाले नाही. तेवढी पळवाट मी माझ्यासाठी ठेवली होती. आम्ही पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आलो.

मामांनी दुसरा घास घेतला असेल आणि गल्लीत गलका झाला. आधी एक मोटार घरघरली, मग दुसरी, मग सगळी गल्ली. फाटकं वाजली, बादल्या वाजल्या. पाणी. सोमवारचं पाणी रविवारी दुपारी बारा वाजता आलं होतं. कधी नव्हे ते एक दिवस आधी.

मला माझ्याच अंगाची लाज वाटली, कारण मी न ठरवताच निम्मी उठून उभी राहिले होते. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मुलानं पाहिलं. मी परत बसले. "घ्या ना, पोहे घ्या," म्हटलं. पाणी फार तर पाऊण तास येतं. त्यात टाकी, त्यात ड्रम, त्यात हंडे-कळश्या. नाहीतर पुढचे आठ दिवस कोरडे, आणि मी तर काल असेल नसेल ते गल्लीत वाहवलेलं. मी बसून राहिले. हसत होते बहुतेक. मामा खरिपाबद्दल काहीतरी सांगत होते आणि मला त्यांना हात धरून घराबाहेर काढावंसं वाटत होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून भाभींचा आवाज आला, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"टीचर! पानी आया! तुमारे चारों ड्रम इदरीच पड़े हैं, मेरे पाइप से भर देऊं क्या?"

मुलगा मान खाली घालून बशीतले शेंगदाणे बघत होता. भाभींचा काय दोष? त्या आपलं पाणी सोडून माझ्यासाठी ओरडत होत्या. मला फक्त जमिनीत गडप व्हायचं होतं.

मुलीची आई उठली. बशी टीपॉयवर ठेवली आणि पदर कमरेला खोचला. "उठा ताई," ती म्हणाली. "पानी थांबत नसतंय. पाव्हने कुटं पळून चाललेत?"

मग जे झालं ते झालं. मुलगा मोटार लावून गच्चीवर टाकीकडे पळाला. नवऱ्यानं भिंतीवरून दोन रिकामे ड्रम परत घेतले, ते मामांनी खालून धरले, आणि उरलेले दोन भाभी तिकडेच भरत होत्या. मी कळश्या काढत होते आणि मुलीची आई पाइप धरून होती. तिचा हात मी बघत राहिले. एक भांडं भरलं की ती पाइप मधेच दुमडून पाणी अडवत होती, दुसरं भांडं पायानं पुढं सरकवत होती, थेंब खाली पडू देत नव्हती. हे कुणी शिकवून येत नाही. तिनं नवी साडी नेसली होती आणि ती गुडघ्यापर्यंत भिजली होती.

पाऊण तासानं धार बारीक झाली. पुरुष आत चहाला गेले. मुलगा अजून वरच होता. ती पोर्चमध्ये साडी पिळत उभी होती. मी तिला टॉवेल दिला.

"मी खोटं बोलले," मी म्हटलं. "माफ करा."

"त्याचा राग नाय ताई. पोरासाठी मीबी बोलले असते." तिनं हात पुसले. "पोरगा चांगला हाय तुमचा. पोरीलाबी पसंत हाय. पर म्या तिला शब्द दिलाय. टँकरच्या लायनीत उभी ऱ्हाऊन बारावी केली तिनं. परीक्षेच्या दिवशीबी दोन हंडे आनून मग गेली. तिला म्हनले, तोटी फिरवली की पानी येतं अशाच घरी तुला दीन."

मला राग आला. तिचा नाही, पण निघाला तिच्यावरच. "असं घर ह्या शहरात तुम्हाला कुठं सापडणार आहे? सगळीकडे हेच आहे."

तिनं टॉवेलाची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"मंग ह्ये शहर नको," ती म्हणाली.

ती आत जाऊन चहा प्यायली. जाताना मी ओटी भरली, तिनं मला नमस्कार केला, रीतीप्रमाणे सगळं झालं. निरोपापुरता मुलगा गच्चीवरून खाली आला आणि गाडी गेल्यावर माझ्याकडे वळला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, इस्त्रीचा शर्ट ओला, आणि चेहरा असा खुललेला, की मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"आई, त्या स्वतः पाणी भरायला उठल्या," तो म्हणाला. "म्हणजे झालंच ना?"

मी नाही म्हणून मान हलवली.

त्याला कळायला थोडा वेळ लागला. "ड्रम लपवले म्हणून?"

"नाही. पाण्यासाठी." मी त्याला सगळं सांगितलं, त्या बाईच्याच शब्दांत. तो पायरीवर बसला. ओल्या पायांनी आम्ही काल धुतलेल्या फरशीवर चिखल केला होता, तो बघत राहिला.

"तू तिच्या जागी असतीस तर?" त्यानं विचारलं. "मुलगी दिली असतीस ह्या घरात?"

बायकोसारखं, आईसारखं, शाळेतल्या बाईसारखं, कसंही उत्तर देता आलं असतं. मी पदरानं हात पुसले.

"नसती दिली," मी म्हटलं.

त्या दिवशी आमच्या घराबद्दल विचारल्यावर मी सरळ खरं बोलले ते एवढंच, आणि तेही त्याच्याच तोंडावर.