फ्रिजमधला ठोकळा

नवऱ्याच्या फुप्फुसातल्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा तपासायला पहिल्यांदा सुईने काढला, तेव्हा फुप्फुसातून हवा गळली आणि छातीत नळी घालून त्यांना आठवडाभर पडून राहावं लागलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभी हयात काढलेला माणूस, पण त्यानंतर सुईचं नाव काढलं की हात जोडायचे. "पुन्हा नको गं," म्हणायचे. मी म्हटलं, नाही टोचू देणार, माझा शब्द.

तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून हॉस्पिटलने आमच्या हवाली केला होता. तो तपासूनच गोळी ठरली होती, आणि ती लागूही पडली. दोन वर्षं हे जिने चढले, मासळी बाजारात भावावरून भांडले. पनवेलच्या उन्हाळ्यात मेण वितळेल म्हणून मी ठोकळा फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवला. माझ्या पाटल्यांनाही मी एवढं जपलं नसेल.

मग गाठ पुन्हा वाढायला लागली. डॉक्टरांनी नवा तुकडा मागितला. मी पिशवीतून ठोकळा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "हाच तपासा. आजार यांचाच आहे, दुसऱ्या कुणाचा नाही."

"ताई, हा दोन वर्षांपूर्वीचा," ते म्हणाले. "कॅन्सरच्या एका पेशीच्या दोन होतात ना, तेव्हा जनुकांची नक्कल धड होत नाही. काही तुटून जातं, काही दुपटीने येतं, आणि दर वेळी गोंधळ वाढतो. गोळीने मरायच्या त्या मेल्या. आज छातीत आहेत त्या वेगळ्याच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साधी नक्कल जमत नाही मेल्यांना, आणि आमच्या गोळीला पुरून उरतात? पण भांडायचं कुणाशी?

हे बाहेर बाकावर बसले होते. "ठोकळा चालला ना?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. ते बाकाला धरून उठले. मग म्हणाले, "चल, घेऊ सुई. पण तू आत ये."

नळी पुन्हा घालावी लागलीच. रिपोर्ट आला, तर या नव्या पेशींवर चालेल अशी गोळीच नव्हती. खाटेवरून त्यांनी विचारलं, "सुईचा उपयोग झाला ना?" मी "झाला" म्हटलं. जीभ झडली नाही माझी, एवढंच.

ठोकळा अजून फ्रिजमध्ये आहे. मला टाकवत नाही. त्यातला आजार निदान गोळीचं ऐकत होता.