पहिल्या बेसवरचा गडी

पुण्याची गाडी सुटेपर्यंत आई खिडकीखाली उभी होती. "करमलं न्हाय तर सरळ निघून ये," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती. आबा ड्रायव्हरशी बोलत राहिले, डोळे लपवायची त्यांची ती रीत. तिथून पुढं मी अमेरिकेत ओहायोला पोचलो आणि खरं सांगतो, धड करमलं असं कधी नाहीच. तुमच्यापैकी जे गेलेत त्यांना हे ठाऊक आहे. तिथल्या अपार्टमेंटमध्ये गावाची ओढ, आणि गावी आलं की चार दिवसांत तिथल्या मेलबॉक्सची काळजी. बूड म्हणून कुठं टेकत नाही.

यंदा गावी, गडमुडशिंगीला आलो तो ठरवूनच. नोकरी सोडायची, म्हशी वाढवायच्या, इथंच राहायचं. घरात सांगायचं तेवढं बाकी होतं. पण गोठा आता धाकटा भाऊ विनायक बघतो. लग्नानंतर माझी वरची खोली त्याची झाली, माझी बॅग खाली सोप्यात. त्यात वावगं काहीच नव्हतं. तरी जेवण झालं की मी उगाच जिन्यापर्यंत जायचो आणि माघारी यायचो.

येताना बेसबॉलचा एक जुनाट व्हिडिओ गेम आणला होता, ठोकळ्याठोकळ्यांची माणसं असलेला. आम्ही दोघंही त्यात नवखे, जन्म सगळा टेनिस बॉलच्या क्रिकेटात गेलेला. रविवारी दुपारी तो टीव्हीला जोडला. विन्यानं जुन्या सवयीनं चांगले चेंडू सोडून दिले; बेसबॉलात असे तीन सोडले की आऊट, तसा तो आऊट झाला.

"न खेळता आऊट? ही कसली पद्धत हाय?"

मग त्याचा एक गडी कसाबसा पहिल्या बेसवर, म्हणजे धावेतल्या पहिल्या थांब्यावर पोचला. त्याच्यामागून खेळायला आलेल्यानं चेंडू जमिनीलगत टोलवला, तसा बेसवरचा गडी आपणहून पळत सुटला. मी त्याला आरामात बाद केलं.

"मी सांगितलंच न्हवतं पळायला," विन्या वैतागला. "जाग्यावर थांबायचं की त्यानं."

नियम मी वाचून आलो होतो. "मागचा यायलाय न्हवं. एका जागेवर दोघं चालत न्हाईत. पहिल्यानं जागा सोडायचीच."

बोलून गेलो. विन्या टीव्हीकडं बघतच हळूच म्हणाला, "दादा, तू कायमचा आलायस व्हय? आईला तसं वाटतंय."

मला व्हय म्हणायचं होतं. त्यासाठीच तर आलो होतो.

"छे, सुट्टी हाय नुसती."

त्याचे खांदे सैल झाले, बहुतेक त्याच्याही नकळत. लगेच तो अगदी मायेनं म्हणाला, "मग आणि आठ दिवस ऱ्हा की."

राग तरी कुणावर धरायचा? मी यावं असं या घरात सगळ्यांना मनापासून वाटतं. आणि मी परत जाणार हे नक्की कळलं, की मगच ते मला राहा म्हणतात. माझं घर आता एवढंच उरलं आहे.